सहाशे पंचावन्न

आगरवाड्याच्या मिठागरात, वैशाखात,
बांबूला बांधली मी एक पांढरी डबी.
आत नखाएवढी चिप, आणि दोन तारा
तापोवणीच्या पाण्यात घोटाभर उतरलेल्या.
शाबी म्हणाले, "हिला जीभ आहे?"
नाही, म्हटलं. हिला फक्त दहा प्रश्न येतात.

खारटपणाबरोबर चढणारा विजेचा दाब
तारेतून येतो तो सरकत, थरथरत,
शापोऱ्याच्या पाण्यासारखा.
सरकत्याचं माप घेता येत नाही.
म्हणून आत एक इवलंसं धारित्र:
दार उघडतं, भरून घेतं, दार लावतं.
"म्हणजे मानस," शाबी म्हणाले.
"भरती आत घेतली, फळी टाकली.
आता बाहेर नदी काय करायचं ते करू दे."
पॉलिटेक्निकात हे मला दोन तासांत कळलं नव्हतं.

मग तागडी.
एका पारड्यात ते कोंडलेलं,
दुसऱ्यात वजनं, दर वेळी आधीच्याच्या निम्मं.
अडीच व्होल्ट टाक. कमीच पडतंय? राहू दे. एक.
सव्वा टाक. पारडं बसलं. काढ. शून्य.
सव्वाच्या निम्मं. राहू दे.
त्याच्या निम्मं. काढ.
काढ.
काढ.
उरली चार, तांदळाएवढी, मोहरीएवढी,
ती चारही राहिली.
पडद्यावर आकडा: सहाशे पंचावन्न.
पापणी लवेपर्यंत हे सगळं हजारदा.

"आणि पंचावन्न न् छप्पन्नच्या मधलं?"
ते सांडतं, मी म्हटलं.
शाबींनी बोट बुडवून जिभेला लावलं,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"पिकूंक ना. अजून दोन उन्हं."

दुसऱ्याच दिवशी दुपारी आकडा
सातशे अठ्ठावीस.
मी पाट्यांसाठी फोन लावत होते.
"थांब गो. पाणी कालचंच आहे.
तुझी डबी फुशारकी मारतेय."
उघडून पाहिलं तर बॅटरी उतरलेली,
पाचाचे साडेचार झालेले,
आणि चिपला ते कळायला वाटच नव्हती.
तिला मीठ ठाऊक नाही, व्होल्टही नाहीत;
आपल्याकडच्या पाचाच्या मानाने समोरचं किती,
एवढंच.
मोजणारा खचला
की समोरचं सगळं वाढलेलं दिसतं.

मला वाटलं, शाबी हसतील.
त्यांनी बांधावरचं झाकण असलेलं भांडं पुढे केलं.
"सत्तरीनंतर जीभही उतरते.
म्हणून पाणी चाखायच्या आधी
घोटभर पेज घेतो. अळणी.
रोज तीच, त्याच तांदळाची."

संध्याकाळी डबीत एक छोटा भाग डाखला,
चार व्होल्टांचा, बॅटरी उतरली तरी न ढळणारा.
शाबी वाकून बघत होते.
"ही हिची पेज?"
हो, म्हटलं,
आणि भांड्यात तळाशी राहिलेली पिऊन टाकली.