पाना, एक नग

रजिस्टरचा कागद त्या एप्रिलात
कूलरच्या ओलसर वाऱ्याने फुगला, तो अजून तसाच आहे.
पाचपावलीच्या पुलाजवळ आमचा चाळीस खाटांचा दवाखाना,
जिन्याखालच्या स्टोअरमध्ये मी,
आणि रकाने पाच:
दिनांक, नाव, वस्तू, नग, अंदाजे किंमत.

शेवटचा रकाना पहिल्याच आठवड्यात सोडून दिला.

सुशीला बारापात्रे, गोळीबार चौक.
माग बंद पडलेल्या घरातून
पांढरं कापड, एकोणीस वार.
याचं काय शिवाल, हे तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

थूल गुरुजी, पेन्शनमधले अकराशे एक.
वरचा एक कशाला, म्हटलं,
तर म्हणाले, शून्यावर थांबायची सवय नाही जी आपल्याले.

मंगल कार्यालयाच्या सव्वीस गाद्या,
न झालेल्या लग्नांच्या.
एकीवर जुन्या हळदीचा डाग,
पेशंटच्या मुलीला वाटलं औषध सांडलंय,
ती ओल्या रुमालाने पुसत बसली होती.

सगळंच असं नव्हतं.
एका साहेबांचा सिलिंडर फोटोसाठी
गाडीतून तीनदा उतरला, दोनदा चढला.
एक खोकं मुदत संपलेल्या गोळ्यांचं.
ती मी रात्री एकटीने निवडत बसले
आणि देणाऱ्याचं नाव वहीत तसंच ठेवलं.
का ठेवलं, ठाऊक नाही.

मग सतरा तारीख.
मोमीनपुऱ्याचा इश्तियाक,
टेम्पो त्याचा, डिझेल त्याचं,
बुटीबोरीच्या रांगेत रात्र घालवून
पहाटे अडीचला चार सिलिंडर घेऊन आला.
ओठ फुटलेले, रोजा,
सहरीला वेळ होता तरी पाणी नको म्हणाला,
आधी हे उतरवा.

उतरवले.
आणि रेग्युलेटरचा नट फिरेना.
आमचा पाना कुठे गेला कुणालाच सांगता येईना,
वॉर्डातून सिस्टर ओरडली, किती वेळ,
आणि मी, जिला प्रत्येक वस्तूची जागा पाठ,
मोकळ्या हातांनी उभी.

रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान,
शटरसमोर खाट टाकून गुणवंत हेडाऊ झोपलेला.
त्याला कुणी उठवलं आठवत नाही.
बनियनवर, अनवाणी धावत आला,
मास्क नाही म्हणून तोंडात बनियनचं टोक धरलेलं,
हातात तो काळा, लांब, जुना पाना.
दोन आटे. मग फुस्स असा आवाज.
इतका चांगला आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.

नऊ नंबर राहिले.
अकरा नंबर सकाळी गेले.
दोघांच्या नळीत हवा एकाच सिलिंडरची होती.

उजाडल्यावर मी लिहिलं:
गुणवंत हेडाऊ, पाना, एक नग.
तो म्हणाला, कायले लिहिता मॅडम,
तुमच्यापाशीच राहू द्या, रात्री पुन्हा लागन.
लागला.
किती रात्री, ते वहीत नाही.

यंदा ऑडिटरने पान एक्केचाळीसवर बोट ठेवलं.
देणगी की उसनवारी?
घसारा किती टक्के धरला?
तरुण मुलगा, चांगला, त्याचं काम करत होता.
मी म्हटलं, लिहा तुम्हाला वाटेल ते.
त्याने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं
आणि पुढच्या पानावर गेला.

पाना दाराजवळच्या खिळ्यावर आहे.
हेडाऊकडे आता नवा सेट आहे,
पण एखादा जुना, गंजलेला नट अडला
की तो रस्ता ओलांडून येतो.
मी वही पुढे सरकवते.
माह्याच पाना, अन् मीच सही करू?
म्हणतो, आणि करतो,
वंगणाच्या अंगठ्याने पान धरून.

संध्याकाळपर्यंत आणून देतो.

परवा दोन दिवस उशीर झाला.
कुणी अत्यवस्थ नव्हतं, अर्ध्या खाटा रिकाम्या,
तरी मी त्या खिळ्याकडे बघत
उगाच दोनदा उठून
रस्त्यावर जाऊन आले.