इंजिनामागचा पहिला डबा

आधी साल सांगा, मी गिऱ्हाइकाला म्हणतो.
रंग नंतर, किंमत त्याहून नंतर.
एकोणीसशे अठ्ठावीसच्या इंजिनाला
चकचकीत पन्हळी पत्र्याचे डबे लावू नका,
आजोबांनी नातवाचे बूट घातल्यासारखं दिसतं.
रिव्हेट मोजा. छपराची कमान बघा.
आणि घरच्या टेबलावरचं वळण मोजून या.
अठरा इंचांच्या वळणावर लांब डबा
पोट बाहेर काढतो आणि घसरतो,
मग माझ्या नावानं खडे फोडू नका.

नॉक्सव्हिलमध्ये, सेंट्रल स्ट्रीटच्या उतारावर
एकतीस वर्षं जुळवतोय या सोयरिकी.
थर्मन ओगल. काचेवरचं नाव अर्धं पुसलेलं.

नव्याण्णवचा मार्च, मंगळवार, हीटर कुरकुरत होता.
आर्लेथा पेटिफर्ड आली, सत्तरी ओलांडलेली,
कोटाच्या आतून बुटांचं खोकं काढलं.
खोक्यात टॉवेल, टॉवेलात हिरवं इंजिन,
सोनेरी रेघा, चाकांना पांढरी कड,
डाव्या अंगाची शिडी तुटलेली.
"भावाचं होतं. याला डबे हवेत.
बरोबर असतील तेच."

बरोबर!
हा शब्द ऐकला की मला चेव येतो.
काउंटरवर मांडत गेलो:
टपालाचा, सामानाचा,
दोन साधे बसायचे, एक जेवणाचा,
दोन झोपायचे, गडद हिरवे,
सहा-सहा चाकांच्या बोग्यांवर जड बसलेले,
आणि शेवटी पितळी कठड्याचा.
"यात सुईच्या टोकाएवढी चूक सापडणार नाही."

तिनं चष्मा लावला.
अख्खी गाडी वाचली, एकेक खिडकी.
"एक राहिला."
"कोणता?"
"आम्ही बसायचो तो."

मला ठाऊक होता तो डबा.
कपाटात अगदी वर.
मधोमध आडभिंत, अर्ध्यात पेट्या, अर्ध्यात माणसं,
इंजिनाला लागून, धुराच्या तोंडाशी.
एकतीस वर्षांत कुणाला सुचवला नव्हता.
शोभत नाही, म्हणायचो.
रिव्हेट मोजणारा मी,
आणि आख्खा डबा मोजायचा राहिला होता.

शिडी लावली, चढलो.
खोक्यावरची धूळ फुंकवेना, बाहीनं पुसली.

खाली ती बोलत होती, माझ्याशीच असं नाही:
"आई खिडकी लावून घ्यायची,
तरी माझ्या कॉलरवर काजळी.
वडील मागच्या हिरव्या डब्यात
लोकांची अंथरुणं घालायचे.
ल्यूशस त्यांचं नाव.
हाका भलत्याच नावानं यायच्या, त्यालाही ओ द्यायचे.
एकच गाडी, एकच रात्र,
आणि भेट व्हायची
चॅटनूगाच्या फलाटावर, ती पण घाईत."

चिमुकल्या माणसांची पुडी तिनं उजेडात धरली.
एका पुडीत चोवीस,
सगळे एकाच गुलाबी रंगात बुडवलेले.
"रंगवीन मी," म्हणाली. "चार पुरेत. एक उभा."

मग तिनं माझी गाडी मोडली.
टपाल, सामान, साधे, जेवणाचा,
एकेक उचलून बाजूला.
इंजिन. आडभिंतीचा डबा.
त्याच्यामागे लगेच झोपायचा.
आकड्यात आकडा, टिक.

"अशी कधीच धावली नाही," तोंडातून निघून गेलं.
"माहीत आहे," ती म्हणाली. "बरोबर कशी होती
ते आधी बघायचं होतं."

दोन डब्यांमधला दरवाजा
तिनं नखानं चाचपला. तो उघडत नाही,
प्लॅस्टिकचा आहे, कोरलेला नुसता.
मी सांगितलं नाही.

वळणाचं विचारलं, सवयीनं.
"वळण नाहीच. खिडकीच्या फळीवर
तीन फूट सरळ रूळ.
एवढंच मावतं."

शिडी जोडून द्यायला पाच मिनिटं लागली.
पैसे तिनं मोजून दिले, सुट्टेसुद्धा.
उरलेले डबे काउंटरवर तसेच होते,
बिनइंजिनाचे, रांगेत,
पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत.