हरवल्या-सापडल्याची खिडकी

डेपोच्या मागच्या अंगाला माझी खिडकी आहे.
गोथेनबर्गच्या सगळ्या ट्राममधून
जे जे उतरायचं विसरतं, ते इथे येतं.
डिसेंबरात साडेतीनला अंधारतं
आणि एकेकटे हातमोजे येऊ लागतात, टोपल्या भरून.
उजव्या हाताचे जास्त.
तिकिटासाठी लोक तोच काढतात, मांडीवर ठेवतात,
मग थांबा येतो,
मांडी उठते.

हे मला कुणी शिकवलेलं नाही.
असे सत्तावीस मोजे मी स्वतः हरवलेत, एकट्या शाळेत.
शेवटी आईने जोडीला लोकरीची दोरी बांधली,
ती कोटाच्या दोन्ही बाह्यांतून ओवली.
मी कोट हरवला.

"इल्वा, डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं,"
बाई म्हणायच्या. वर्ग हसायचा. मीही हसायचे,
आणि बंदरातली क्रेन जहाजातून काय काय उतरवतेय
ते मोजत राहायचे.
एक ना धड, भाराभर चिंध्या:
पाव फ्रेंच, अर्धा स्वेटर, सहा नोकऱ्या,
फ्रीजरमध्ये मटारखाली सापडलेलं विजेचं बिल,
आणि एक लग्न, ज्यात मी रोज माफी मागायचे.
जळालेल्या किटलीची. उशिराची.
मधेच बोलल्याची,
बोलता बोलता गप्प झाल्याची.

मग टिंड्राला तपासायला नेलं. नऊ वर्षांची लेक,
वर्गात बसते पण असत नाही, अशी तक्रार.
डॉक्टरीणबाई तिला एकेक प्रश्न विचारत होत्या
आणि उत्तरं मी देत होते, भडाभडा,
प्रश्न संपायच्या आधी.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
माझ्याकडे बघितलं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी चार अक्षरं हातात आली: एडीएचडी.
बाहेर आले तर पार्किंगमध्ये गाडी सापडेना.
तिथेच कठड्यावर बसून रडले,
आधी सुटल्यासारखी,
मग त्या कोटासाठी.
टिंड्राने हात धरून गाडीपाशी नेलं.

आता सकाळी गोळी घेते. चष्म्यासारखीच ती,
दिसतं तिने; बघायचं मलाच असतं.
किल्ली दाराच्या लाल खिळ्याला.
तीन गजर, तीन वेगळे सूर.
अर्धा स्वेटर उसवून टाकला,
त्याची लोकर चांगली होती.

खिडकीशी लोक येतात, तोंड उतरलेलं,
स्वतःला शिव्या घालत.
माझ्या आधी इथे बसणारे स्टेनमार्क विचारायचे,
"कुठे ठेवलं होतं?"
अहो, ते माहीत असतं तर माणूस आला कशाला असता!
मी विचारते,
"तेव्हा मनात काय चाललं होतं?"

परवा एक आजोबा आले. कानाचं यंत्र हरवलेलं.
कागदावर लिहून विचारलं तेच.
बराच वेळ कागद बघत राहिले.
म्हणाले, "मायशी बोलत होतो. बायको.
दोन वर्षं झाली तिला जाऊन."
मी लिहिलं: मग यंत्र काढलं असणार तुम्हीच.
ट्रामचा खडखडाट नको म्हणून.
चष्म्याच्या घरात बघा.

तिथेच होतं.
मीसुद्धा एका वस्तूच्या घरात दुसरी झोपवते,
तिला एकटं वाटू नये म्हणून असेल कदाचित.

ते गेल्यावरही मी त्या मायचाच विचार करत बसले.
कशा बोलत असतील, हळू की ठसक्यात,
भांडण झालं तर यंत्र काढून ठेवायचे का हे?
दोन अर्ज भरायचे राहिले.
राहिले.

रात्री दारातच टिंड्रा म्हणाली, "आई, टोपी?"
माझ्या डोक्यावर बर्फ होतं.
तिच्या एका हातात मोजा नव्हता.
दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो
की तिसरा गजर वाजून गेला, कशाचा होता कोण जाणे.

सकाळी वहीत नोंद केली मी:
करडी लोकरीची टोपी, एक. खुर्चीच्या पाठीवर.
मालकीण: ओळखीची.
देणारीची सही, घेणारीची सही,
दोन्ही वेगवेगळ्या शाईत, कारण पहिलं पेन सापडेना.

मग टोपी घातली.
डोकं जागेवरच होतं.