सातशे सत्याहत्तर

महापेच्या ऑफिसात रात्री पावणेअकरा.
विंडोजच्या पोटात लिनक्सची खिडकी उघडून
मी किल्लीच्या फाइलला सांगते: सहाशे.
म्हणजे मीच वाचणार, मीच लिहिणार.
एंटर. एरर नाही, कुरकुर नाही.
यादी काढते तर पुन्हा
सातशे सत्याहत्तर.
या, बसा, वाचा, खोडा, चालवा.

घणसोलीच्या धुमाळकाकूही अशाच.
"काकू, आत येताना टकटक कराल का?"
"हो गं, हो," म्हणतात
आणि सकाळी माझ्या कपाटापाशी
इस्त्रीचे कपडे मोजत उभ्या.
भांडण नसतं. नोंदच होत नाही कुठे.

सर्व्हर मात्र करारी.
ही किल्ली फार उघडी आहे, म्हणतो, घेणार नाही.
इतकं स्पष्ट, माझ्या बाजूने,
या गावात कुणी बोललं नव्हतं.

शेजारचा जोएल मान न वळवता,
"सी ड्राइव्हवर नको ठेवूस. तिथे त्यांचे नियम.
होममध्ये हलव, मग ऐकेल."

हलवली. सहाशे.
ऐकलं.

सेक्टर पाचमधलं हार्डवेअरचं दुकान
साडेनवालाच बंद होतं.
कडी उद्या घेईन,
आतून लावायची.
चार स्क्रूसकट.