उसनी वाटी

एर्मेते म्हणाला, हातमोजे काढ.
हात धू, कोरडे कर, उघड्या बोटांनी उलट पान.
सुती बोटांना कागद कळत नाही,
फाटल्यावर कळतो.

फेराराचं धुकं खिडकीला नाक लावून उभं.
फोमच्या उशीवर पुस्तक, कडांवर
शिसं भरलेल्या जड माळा.
पत्नीनं कसं वागावं, याबद्दल
एका ब्रह्मचाऱ्याचे दोनशे बारा पानांचे उपदेश,
व्हेनिसला छापलेले.
पहिली नऊ पानं अंगठ्यांनी मळलेली.
दहाव्यापासून पुस्तक कोरं करकरीत.
मला हसू आलं. एर्मेतेला नाही.
त्याचं हसून झालं असणार, चाळीस वर्षांपूर्वी.

पान उजेडासमोर धरलं:
तारांच्या फिकट रेघा, मधे जहाजाचा नांगर,
आणि लगद्यात न विरलेला एक निळा धागा.
कुणाच्या तरी सदऱ्याचा.
घामेजलेला, जुना झालेला, चिंध्यांच्या भावानं विकलेला
तो सदरा आता बायकांना संयम शिकवत होता.

शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र शाई वेगळी.
हिशेब. पैशांचा नव्हे.
‘बाळंतिणीची वाटी दिली झानेत्ताला,
मेणबत्त्यांच्या सणाला. परत आली, तीन अंडी घालून.
दिली दियामान्तेला. परत, मूठभर मीठ.
दिली पोलिस्सेनाला, पुलापलीकडे. परत, तांबडा दोरा.’
मधेच अक्षर बदलतं. सासूचं सुनेकडे गेलं असावं,
अक्षरांना शेपट्या फुटतात, शाई पातळ होते.
रिकामी वाटी कुणीच पाठवत नाही.
एकदाच, ओर्सोलिनाच्या नावापुढे:
‘परत. रिकामी.’
मग ओळभर जागा.
मग पुन्हा कुणाला तरी, नासपती.

दोन गल्ल्या ओलांडून संग्रहालय, त्याचं तळघर,
तिसऱ्या कपाटाचा खालचा खण.
हीच ती वाटी, असं मी शपथेवर सांगणार नाही.
गावात अशा शंभर असतील.
चिठ्ठीवर: मातीचं प्रसूतिपात्र, रंगीत, कड उडालेली.
मालक: अज्ञात.

वाटलं होतं त्याहून हलकी.
तळाशी ओल्या झिलईत कुंभाराचा अंगठा उमटलेला,
माझ्याहून लहान. पोरगाच असेल कामाला.
आत चित्र.
पलंग आहे. हिरवा पडदा आहे. पलंगावरची बाई अर्धी.
बाळ नाही. बाळ चमच्यांनी खरवडून नेलंय,
रश्श्याबरोबर, घासाघासानं,
अकरा घरांतल्या भुकेनं.
कोपऱ्यातली दासी तेवढी शाबूत.
दोन्ही हातांवर पंचा पसरून,
जिथे बाळ होतं तिकडे बघत.

मी म्हटलं, चिठ्ठी बदलू या.
एर्मेते म्हणाला, चिठ्ठी चार बोटं रुंद आहे, निव्हेस.
आणि अकराजणींना मालक म्हणतात का?
मला उत्तर आलं नाही.
खण हळू ढकल, म्हणाला.

संध्याकाळी सायकलचा दिवा धुक्यात दोन हातांपुरता.
बहिणीचा फोन. आठवा महिना, चिडचिड.
माझं पातेलं कधी परत देतेस?
आणते म्हटलं, आत्ताच आणते.
दुकानं मिटली होती.
घरी एक कांदा होता, आणि मीठ.