मामांचा अंगठा

सेलूच्या वाचनालयात
वर्तमानपत्रांच्या घोडीमागे माझं टेबल.
टेबलावर दहा इंची नेटबुक,
कुणीतरी देणगी म्हणून दिलेलं, म्हणजे टाकून दिलेलं.
जुनी सिस्टीम त्याला झेपेना.
मी हलकं लिनक्स घातलं,
तापातून उठलेल्याला आंबील द्यावी तसं.
उठलं. चालायला लागलं.

वायफाय तेवढं जोडेना.

यादीत आमचं नाव दिसायचं, कांड्या भरलेल्या,
शेजारी तांदळाएवढं कुलूप.
किल्ली टाइप करावी,
गोल फिरत राहावा, फिरत राहावा,
आणि पुन्हा तीच चौकट: किल्ली द्या.

ड्रायव्हर काढला, घातला.
फर्मवेअर भाच्याने जालन्याहून आणलं, पेनड्राइव्हवर,
कारण नेट दुरुस्त करायला आधी नेट लागतं;
आटलेल्या हातपंपात वरून तांब्याभर ओतावं
तेव्हा तो खालचं देतो, त्यातली गत.

चौथ्या दिवशी काळी खिडकी उघडून
ओळ न् ओळ वाचली.
चार टप्प्यांचं हस्तांदोलन, दुसऱ्यापाशी तुटलेलं.
दोघांपैकी कुणीच गुपित उच्चारत नाही म्हणे,
आपल्याला ते ठाऊक आहे एवढंच पटवायचं.
मला बैलबाजार आठवला.
रुमालाखाली दोन हात,
बोटं दाबून चाललेला भाव,
आणि वर दोन्ही चेहरे कोरे.
इथे रुमालाखालून निरोप येत होता:
बोट चुकलं.

"मोबाईल तर सगळ्यांचे लागतात, सर,"
निलोफर म्हणाली. तलाठी परीक्षेचं पुस्तक
तिने बोट घालून मिटलेलं.
"भिंतीवरचा ठिपक्यांचा चौकोन दाखवला की झालं.
कुलूपच काढा ना घडीभर."

काढलं.
नेटबुक असं लागलं जसं काही झालंच नव्हतं.
पाच मिनिटांत समोरचा चहावाला लागला,
सलूनमधली दोन गिऱ्हाइकं लागली,
रिक्षा थांबवून एकजण पायरीवर बसला.
परत कुलूप.
पण एवढं कळलं, यंत्र निर्दोष होतं.

मग डोईफोडे मामांना बोलावलं.
राउटर त्यांनीच लावलेला, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात.
चौकोनही त्यांच्याच फोनमधून निघालेला.
"किल्ली सांगितली की तुला!
गावाचं नाव, आन् वाचनालयाचं साल."
"तुम्हीच टाका, मामा."

चष्मा पुसला. खुर्ची पुढे ओढली.
परभणीच्या इन्स्टिट्यूटातून चाळीसची परीक्षा
पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस,
नजर समोर भिंतीवर, बोटं आपली चाललेली.
सालाचा शेवटचा आकडा पडला
आणि अंगठा खाली गेला.
गेला न् वर आला.

लागलं.

"मामा, शेवटी काय दाबलंत?"
"कुठं काय? काहीच नाही."
खरंच सांगत होते.
तीस वर्षं प्रत्येक शब्दानंतर
तो अंगठा असाच पडत आलेला,
ठरावांत, थकबाकीच्या नोटिशींत,
सचिवांच्या अर्धवट वाक्यांत.
मालकाला न विचारता.

फाइल उघडली. किल्ली दोन अवतरणांच्या मध्ये,
आकड्यानंतर एका अक्षराएवढं अंतर,
मग चिन्ह मिटलेलं.
चार दिवस मी त्या अंतराबाहेर उभा होतो.

नेटबुकचं घड्याळ दचकून
कुठल्याशा जुन्या जानेवारीतून आजच्यात आलं.
बाहेर कुणीतरी ओरडलं, नळ आले!
आठ दिवसांनी आलेले.
निम्मं वाचनालय सायकलींकडे पळालं,
मामाही.

मी रजिस्टरात किल्ली लिहून घेतली,
पुढच्या माणसासाठी.
शेवटची मोकळी जागा दाखवायची कशी?
मोकळी सोडली तर मोकळीच दिसणार.
पेनाने बारीक चौकट काढली.

निलोफर वाकून पाहत म्हणाली,
"हे काय सर, शून्य?"

"नाही. मामांचा अंगठा."