पायातला म्हावरा

रकाना सात. प्रश्नाचे स्वरूप, दोनशे शब्दांत.
मी लिहिते: तीव्र मानसिक आजार असलेली माणसं
इतरांच्या कितीतरी आधी मरतात,
आणि बहुतेकदा मनाच्या आजाराने नव्हे.
साखरेने. हृदयाने. फुफ्फुसाने.
साध्या, नाव असलेल्या, गोळी असलेल्या दुखण्यांनी.
एवढं लिहून थांबते.
पंख्याने अर्ज उडू नये म्हणून
वर बीपीचा पट्टा ठेवलाय.

हसूराम वैती, वय अठ्ठेचाळीस, चेंदणी कोळीवाडा.
दर दुसऱ्या बुधवारी बहिणीसोबत यायचा.
आवाज येतात? नाय.
झोप? हाय.
गोळ्या? बहीण मान डोलवायची.
तीन प्रश्न, एक शिक्का, पुढचा.
आठ वर्षांत त्याच्या सदऱ्याचं माप तीनदा वाढलं
आणि आमचा वजनकाटा
कपाटामागे, पासष्टवर अडकलेला.

एका बुधवारी म्हणाला,
"माज्या पायान म्हावरा शिरलाय गो बाय.
रातचा चावतंय."
मी हसले नाही, एवढं श्रेय घेते.
विचारलं, कुठला म्हावरा?
तो खरंच विचारात पडला.
"निवटी आसंल. चिखलानली."
मी केसपेपरवर लिहिलं: भ्रम, स्पर्शाचा.
रात्रीची गोळी अर्ध्याने वाढली.
पायात कॅनव्हासचे बूट होते,
बहिणीने नाडी घट्ट बांधलेली.
सोड, असं कोणी म्हटलं नाही.
मीही नाही.

शिमग्यानंतर बहीण एकटीच आली.
अंगठा, मग घोटा, मग गुडघ्याखालचं सगळं,
मग तो.
मोठ्या इस्पितळात आधी तीन तास बाकावर,
कारण फायलीवर आमचा शिक्का,
आणि शिक्का बघून तिथला पोरगा म्हणाला,
यांना आधी तिकडेच दाखवा.
"साखर पाचशेच्या वर व्हती म्हनं.
तुमी कदी बगितलीव का?"
भांडणाचा सूर नव्हता.
जन्मभर तागडी धरलेली बाई ती,
किती कमी भरलं ते हातालाच कळतं.

बेलापूरच्या कचेरीत, सहाव्या मजल्यावर,
समितीने अंदाजपत्रक उलटंपालटं केलं.
साखर तपासायच्या पट्ट्या एवढ्या?
संशोधनात रिक्षाभाडं कशाला?
आणि, चष्मा पुसत एक सर, सौजन्याने,
"या लोकांच्या सांगण्याचा भरवसा काय?"
निवटी गळ्यापर्यंत आली माझ्या.
आणि सटकली.
मी तक्ता क्रमांक दोन दाखवला.
पत्र आलं: तूर्तास प्रलंबित.

म्हणून हा दुसरा अर्ज.
मोठ्या मापाचे पट्टे, चार.
वजनकाटा, शंभराच्या पुढे जाणारा.
रिक्षा, कोपरीहून, कळव्याहून,
येऊरच्या पाड्यावरून येणाऱ्याला जरा जास्त.
चहा, कारण उपाशीपोटी रक्त दिल्यावर
माणसाला चहा लागतो, शहाण्यालाही.
एक बुटकी खुर्ची, बूट काढायला.
ही मागच्या वेळी राहून गेली होती.

रकाना बारा, अपेक्षित निष्पत्ती.
तो केसपेपर अजून दप्तरात आहे.
'भ्रम'मधला भ मी जरा जास्तच वळणदार काढलाय,
घाई नव्हती तेव्हा, म्हणजे.
हे निष्पत्तीत बसत नाही.

दार ढकलून कुंदा शिर्सेकर आत येते,
वागळे इस्टेटहून, आज बुधवार.
म्हणते, छातीवर कोणीतरी पाटा ठेवलाय
आणि वाटायला बसलंय. खोबरं.
किती दिवस?
"गुरुवारपासून. जिना चढले की जोरात वाटते मेली."
मी पेन ठेवते.
अर्जावरचा पट्टा उचलते, कागद उडतात, उडू देत.
तिच्या दंडाभोवती तो पुरत नाही,
टोकं जेमतेम भेटतात,
हवा भरली की चिकटपट्टी चरचरत सुटते.
पुन्हा लावते.
या वेळी मुठीने दाबून धरते
आणि कान देते.